घटिकापात्रातली ठकी : लेकीला जुन्या काळात फिरवून आणायचंय, मदत हवी

निळीशाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

लेक आठ वर्षांची, तिसरीत आहे. मार्चमध्ये सासरे गेले. त्यांची ट्रंक आवरताना जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक तांब्याची वाटी मिळाली, बुडाला सुई जाईल एवढं भोक. लेक म्हणाली, गळकी वाटी आजोबांनी एवढी जपून का ठेवली? सासूबाई काही बोलल्या नाहीत, माळ्यावरचं घंगाळ काढायला लावलं, पाणी भरलं आणि वाटी अलगद वर सोडली. भोकातून पाणी आत चढायला लागलं, इतकं बारीक की आधी नुसता थेंब चमकल्यासारखा दिसतो, मग वाटी हळूहळू जड होते, काठ पाण्याला टेकतो आणि डुब्ब. मोबाईल लावून बघितलं, चोवीस मिनिटांच्या आसपास. एक घटिका. दिवसरात्रीच्या अशा ६०. पूर्वी लग्नात मुहूर्त साधायला हेच घटिकापात्र असायचं, घटिका भरली म्हणतात ती ही.

त्या रात्रीपासून आमच्याकडे गोष्ट सुरू झाली. सासूबाईंच्या माहेरची ठकी, म्हणजे लाकडी बाहुली आहे, ती वाटी पाण्यात सोडली की जुन्या काळात जाते आणि वाटी बुडाली की परत येते. नियम लेकीनेच घातलेत, ठकीला तिकडचं काही बदलता येत नाही, तिकडून काही उचलून आणता येत नाही, आणि आईने खोटं सांगायचं नाही.

आता अडचण अशी की मला येतो तो शाळेतला इतिहास, म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या, आणि लेक विचारते ठकीला भूक लागली तर काय मिळेल, तिथली मुलं काय बोलतात ते तिला कळेल का, ठकी मुलगी आहे तर तिला आत सोडतील का. पहिले चार दिवस गेले रायगडावर, राज्याभिषेक, ६ जून १६७४. गागाभट्ट आणि सोन्याचे होन यात तिला फार रस वाटला नाही, पण इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन आला होता आणि गडावर हत्ती बघून हे एवढ्या उभ्या वाटेने वर आले कसे याचं त्याला नवल वाटलं, हे सांगितल्यावर ताडकन उठून बसली. लहान पिल्लं असताना वर नेऊन वाढवले असतील असं लोक सांगतात, तेही सांगितलं. मग दोन दिवस फक्त हत्तीचं पिल्लू आणि ठकी.

तर असं हत्तीच्या पिल्लासारखं काही सुचवा. खरं हवं, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून दिसेल असं हवं.

नाणेघाट_वाटाड्या
ताई, ठकीला आमच्याकडे पाठवा. जुन्नरहून घाटघरच्या बाजूने गेलं की नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल वर यायचा आणि जुन्नरहून खाली जायचा तो याच खिंडीतून, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं आमची म्हातारी माणसं सांगतात. ठकीची उंची रांजणाच्या काठाला पुरणार नाही, ती नुसता आवाज ऐकेल, खण्ण खण्ण.

आणि गुहेत बसवा तिला. सातवाहनांची राणी नागनिका, तिचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख तिथल्या भिंतींवर कोरलाय, यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी, सगळं आकड्यांत. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या लिहिलेल्या आकड्यांपैकी आहेत ते. शून्य नाही त्यात! दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं, आणि चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. मी गावातल्या शाळेच्या पोरांना घेऊन जातो तेव्हा मातीत काडीने हे आकडे काढायला लावतो, अर्ध्या तासात पोरं एकमेकांची वयं ब्राह्मीत लिहायला लागतात.

मागच्या भिंतीत राजाराणीच्या मूर्ती होत्या, वर नावं कोरलेली. मूर्ती फुटून गेल्या, आता नुसती पावलं राहिलीत. मोठी माणसं लेख बघतात, लहान मुलं पहिल्यांदा ती पावलं बघतात, मी दरवेळी बघितलंय.

बे_एरियातला_बाबा
धागा फार आवडला. आमच्याकडे मुलगा सात वर्षांचा, इथेच जन्मलेला, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देतो. त्याला इतिहासात ओढायला मी खाण्याचा खेळ काढला. ठकीचा डबा भरायचा आणि ती ज्या काळात जाईल तिथे जे मिळणार नाही ते डब्यातून काढत जायचं. नागनिकेकडे कांदेपोहे न्यायचे तर पोहे चालतील, पण मिरची काढा, शेंगदाणे काढा, वर बटाटा घातला असेल तर तोही काढा. तिखटाला मिरी. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आपल्याकडे पोचले १४९८ मध्ये आणि त्यानंतर ती एकेक करून आली. बटाटा, काजू, अननस, पाव हे शब्दसुद्धा त्यांच्याचकडून आलेत.

पण माझ्या मुलाला खरा धक्का बसला तो आषाढीला. आई इथे आली होती, तिने साबुदाण्याची खिचडी केली आणि आम्ही डबा रिकामा करायचा खेळ लावला. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे तिकडचे. मिरची तिकडची. बटाटा तिकडचा. उरलं काय तर तूप, जिरं आणि मीठ! आई दोन मिनिटं गप्पच बसली, मग म्हणाली, अरे मग ज्ञानेश्वरांच्या घरी उपासाला काय करत असतील रे? त्यावर आम्ही तिघं रात्री अकरापर्यंत बोलत होतो, वरई, राजगिरा, शिंगाडा, एकेकाचं मूळ काढत. मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा आजीला पूर्ण वाक्यात मराठीत प्रश्न विचारला.

गाडीरूळ
ठकीला १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरला न्या. दुपारी ३.३५, २१ तोफांची सलामी, १४ डबे, तीन इंजिनं, नावं साहिब, सिंध आणि सुलतान. ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर. पण नियमाप्रमाणे खोटं नको म्हणून सांगतो, ठकीला गाडीत बसवू नका, त्या दिवशी सुमारे ४०० निमंत्रित होते फक्त. ती रुळाच्या कडेला गर्दीत उभी राहील आणि तिला पहिल्यांदा दिसेल ते हे, की पुढे बैल नाही, घोडा नाही, आणि एवढं मोठं धूड आपोआप सरकतंय. मी स्वतः रेल्वेत ३१ वर्षं काढली, इंजिनाच्या पायथ्याशी उभं राहिलं की पोटात जो कंप येतो तो अजून येतो, तो लेकीला सांगा, पोटावर हात ठेवून सांगा.

वेळेवरून एक. मुंबईची स्वतःची वेळ होती, आपल्या आजच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे, आणि देशाची एक वेळ ठरल्यावरही मुंबईने ती १९५५ पर्यंत सोडली नाही. वेळ माणसं ठरवतात हे घटिकापात्र वापरणाऱ्या मुलीला पटकन कळेल.

निळीशाई
किती सुंदर प्रतिसाद! खिचडी आज रात्रीच.

परवा अजिंठ्याला नेलं ठकीला, दोन घटिका, म्हणजे दोन वेळा वाटी सोडली. आधी १८१९ चा एप्रिल, वाघाच्या मागावर आलेला कॅप्टन जॉन स्मिथ आणि झाडोऱ्यातून दिसलेली कमान. दहा नंबरच्या लेण्यात त्याने खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली, ती आज आपल्या डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा आत एवढी माती-दगड साठली होती की तो त्या ढिगावर उभा होता. लेक म्हणाली, म्हणजे तो खरं तर त्यांच्या खोलीत हवेत उभा होता. मग दुसरी घटिका, वाकाटक राजांचा काळ, पाचवं शतक, भिंतीला माती, शेण आणि भाताच्या तुसाचा गिलावा चाललाय, आणि एक पोरगा निळा दगड खलतोय. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला, त्यामुळे चिमूटभर सांडला तरी ओरडा. लेकीने ठकीला तो रंग बोटाला लावू दिला नाही. नियम.

निवृत्त_मास्तर
निळीशाई ताई, उपक्रम स्तुत्य आहे. मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत इतिहास शिकवला, म्हणून दोन शब्द. आठ वर्षांच्या मुलाला काळाचा क्रम कळत नाही, त्याला आजोबांचं लहानपण आणि शिवाजी महाराज हे शेजारीशेजारीच वाटतं, त्यात त्याची चूक नाही. मी वर्गात दोरी बांधायचो, एका पिढीला एक गाठ. आई, आजी, पणजी असं करत महाराजांपर्यंत चौदा-पंधरा गाठी होतात. मुलं मोजून बघतात आणि म्हणतात, एवढ्याच? नागनिकेपर्यंत दोरी वर्गाच्या बाहेर जाऊन व्हरांड्यातून पटांगणात जायची.

एक विनंती मात्र आहे. या वयात दुःख, अन्याय, मृत्यू यात मुलांना लगेच नेऊ नये. ते पुढे कळतंच. आधी गोडी लागू द्यावी.

चवदार
मास्तर, तुमच्या दोरीला नमस्कार, मी ती उद्याच बांधणार. पण शेवटच्या मुद्द्यावर थांबावंसं वाटतं, आणि हे मी रागाने लिहीत नाहीये.

माझी मुलगी दहा वर्षांची. अशीच गोष्ट मी तिला सांगत होतो, शनिवारवाडा, कारंजी, पालख्या. ती मध्येच म्हणाली, पप्पा मी जाईन तेव्हा मी मीच असणार ना, मग मला आत सोडतील का? तिला वर्गात कोणीतरी काहीतरी बोललं होतं हे मला नंतर कळलं. मी काय सांगायचं? सगळे आनंदाने राहत होते? ज्यांच्या मुलांना हे प्रश्न पडत नाहीत त्यांना नंतर सांगू म्हणता येतं, आमच्या मुलांना ते आठव्या वर्षीच पडलेले असतात.

म्हणून मी तिला महाडला नेलं. २० मार्च १९२७. नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव आधीच केला होता, पण ठरावाने कोणाची तहान भागली नव्हती. हजारो माणसं रांगेने चालत चवदार तळ्यावर गेली, बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. माझी मुलगी गोष्टीत त्यांच्या मागे तिसऱ्या पायरीवर होती. मी विचारलं, कसं होतं पाणी? म्हणाली, एप्रिलमधल्या माठासारखं. नंतरचंही सांगितलं, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं, कोर्टात दहा वर्षं गेली आणि १९३७ ला हायकोर्टात आपण जिंकलो. ती रडली नाही. तिने विचारलं ओंजळ कशी धरायची, आणि बेसिनशी जाऊन दोनदा करून बघितली.

रायगड आणि महाड किती जवळ आहेत बघा. एकाच सुट्टीत दोन्ही घटिका होतात. दोन्ही दाखवा, सगळ्यांच्याच मुलांना.

निवृत्त_मास्तर
चवदार, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी जे लिहिलं ते माझ्या वर्गात चाळीस मुलं सारखीच बसलीत असं धरून लिहिलं. तशी ती कधीच बसलेली नव्हती. माझं वाक्य मी मागे घेतो.

भर घालतो. ठकीला पुण्यात भिडे वाड्यात न्या, १८४८. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. वाटेत लोक अंगावर शेण-चिखल टाकत म्हणून पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या, शाळेत पोचल्यावर बदलायच्या. ठकीला ती पिशवी धरू द्या. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयात छापून आला. शाळकरी मुलीचा निबंध. माझ्या ३४ वर्षांत मी तो वर्गात एकदाही वाचून दाखवला नाही, याचं आज वाईट वाटतंय.

तेरणाकाठ
ठकी लाकडी बाहुली हाय म्हणून राहवंना. आमच्या तेरला या की ओ! धाराशिव जिल्हा, तेरणा नदी, गोरोबाकाकांचं गाव. जुनं नाव तगर. एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय, भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथल्या म्युझियममधी एक हस्तिदंती बाई हाय, एवढीशी, अंगभर दागिने, बघतच ऱ्हावं. आणि तिच्यासारखीच एक बाहुली इटलीत पाँपेईला सापडली, ज्वालामुखीच्या राखंखाली गाडलं गेलेलं गाव, साल ७९. म्हंजी आपल्याकडची बाहुली बैलगाडीनं भडोच, तिथून जहाजानं समुद्रापार गेली असंल. ठकीला ठकी भेटवा! लहानपणी आमचे आबा मला दर रविवारी ती बघायला न्यायचे, तिकिटाचे पैसे नसले की राखणदार तसंच सोडायचा, म्हणायचा ही तुझ्याच गावची लेक हाय.

खापरतुकडा
पुरातत्त्व शिकतेय. मास्तर आणि चवदार यांच्या बोलण्यावरून इनामगाव लिहावंसं वाटलं.

शिरूरजवळ घोड नदीच्या काठी साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव, डेक्कन कॉलेजने बारा हंगाम खणलं. कुडाच्या गोल-चौकोनी झोपड्या, सातूची शेती, नदीचं पाणी वळवायला पाट. ठकीसाठी एक वस्तू, मातीची झाकणाची डबी, तिच्यात मातीची देवी, डोकं नसलेली, आणि सोबत बैल. बैलाच्या पाठीला आणि देवीच्या पोटाला भोक, मध्ये काडी घातली की देवी बैलावर बसते. डबी घराच्या जमिनीत पुरलेली होती. घाईत ठेवली की जपून, आपल्याला कळत नाही, पण हातात घेणाऱ्याचा हात कापतो.

आणि दुसरं. तिथे लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. मी पहिल्यांदा असं दफन बघितलं तेव्हा मार्गदर्शक बाईंनी बाकी काही शिकवलं नाही, एवढंच म्हणाल्या, बघ, लांब नेलं नाही त्यांनी. निळीशाई ताई, तुमच्याकडे मार्चमध्ये जे झालं ते वाचून हे सांगू की नको असं झालं होतं. तुम्ही बघा, लेकीला सांगायचं का ते तुम्हालाच कळेल.

निळीशाई
खापरतुकडा, बरं झालं लिहिलंत. उशिरा उत्तर देतेय कारण काल काय झालं ते नीट सांगायचं होतं.

पहिल्या रात्रीपासून मला ज्या प्रश्नाची भीती वाटत होती तो आला. ठकी आजोबांकडे जाऊ शकते का? मी इनामगावचं सांगितलं, मडक्यांचं. लेकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तसं नाही, आजोबा माझ्याएवढे होते तिकडे. सासरे १९५२ चे. मला त्यांच्या लहानपणातलं एक पानशेत सोडून काही माहीत नव्हतं, आणि पानशेतचंही पेपरात येतं तेवढंच. १२ जुलै १९६१, सकाळी पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती लावून धरलं म्हणून लोंढा रात्री आला नाही, दिवसा आला. एवढं सांगून मी अडकले. वाटी अजून अर्धीपण भरली नव्हती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आत येऊन घंगाळाशी बसल्या आणि सांगायला लागल्या, त्यांना जे सासऱ्यांनी लग्नानंतर सांगितलं होतं ते. नारायण पेठेतलं घर. आईने दोन मुलांना पुढे घालून वर टेकडीकडे चालवत नेलं, हा मोठा म्हणून याच्या डोक्यावर पिठाचा डबा. पाणी ओसरल्यावर परत आले तर घरात गुडघाभर गाळ, आणि फडताळातल्या डाळींनी फुगून डब्यांची झाकणं वर उचललेली. तूरडाळ आंबल्याचा वास त्यांना शेवटपर्यंत सहन व्हायचा नाही, म्हणून आमच्याकडे डाळ कधी रात्रभर भिजत घालत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे पाळतेय आणि मला वाटत होतं काहीतरी कुळाचार असेल.

आणि वाटी? लेकीने विचारलं. वाटी गाळात सापडली. तिच्याच आधाराने घरात पूर्वी कोणीतरी लोकांना मुहूर्त धरून द्यायचं, पुस्तकं, पंचांगं सगळं गेलं, ही राहिली. नऊ वर्षांच्या मुलाने नळाखाली धुतली, भोकातला चिखल सुईने काढला.

वाटी बुडाली होती, डुब्ब आम्हा कोणालाच ऐकू आलं नव्हतं. लेकीने हात घालून बाहेर काढली, पुसली आणि पुन्हा सोडली. म्हणाली, आजी, तू सांग, ठकी अजून तिकडेच आहे.

रविवारी तिघी नाणेघाटला जातोय. सासूबाईंना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांना गुहेपर्यंत नेता येईल का?

नाणेघाट_वाटाड्या
येईल. घाटघरच्या बाजूने या, गाडी बरीच जवळ येते, मुरबाडकडून चढू नका. शेवटी गुहेत उतरायला थोडे दगड आहेत, तिथे मी हात देतो. पाऊस सुरू झालाय, वारा फार असतो, आजींना कानाला बांधायला घेऊन या. सकाळी नऊच्या आत पोचा, मग धुकं वर यायला लागतं. लेकीला सांगा काडी मी आणतोय, मातीवर लिहायला.